पंधरा तारखेची पावती

तिसरीतली वैजयंता मुचंडी हात वर करून विचारते,
"बाई, त्या पहिल्या दिवशी सुट्टी होती काय ओ?"

पुस्तकात मध्यरात्र आहे, भाषण आहे,
सुट्टीचं काही नाही.
शहापूरच्या विणकर गल्लीतलं मला दत्तोप्पाकाकाकडून कळलं,
आणि काकाला तारखा कधी आठवत नसत,
वार आठवायचे, आणि अमावास्या.

शुक्रवार होता, म्हणायचा. दुसऱ्या दिवशी अमावास्या.
अमावास्येला माग बंद, हा आमचा नेम,
गादीवर कुणी का असेना.
सावकार म्हणाला, आजही बंद ठेवा, झेंडा आहे.
आणि हिशेबात एक लुगडं कमी धरलं.

तेव्हा शहापूर सांगलीकरांचं, बेळगाव साहेबाचं.
मधे नाका, त्यावर आडवा बांबू.
इकडचं लुगडं तिकडच्या पेठेत न्यायचं
तर गाठोड्यामागे एक आणा.
सणाचं गिऱ्हाईक मिळेल म्हणून
सतरा वर्षांचा काका गाठोडं उचलून निघाला.

नाकेदार हुद्दार खुर्चीवर उभा,
खिडकीला आंब्याचा टाळा बांधत होता.
काकानं आणा पुढं केला.
"आज राहू दे," हुद्दारनं वळूनही पाहिलं नाही,
"ही सुतळी धर जरा."

काकानं धरली.
देशाच्या कामी त्याच्या हातून लागली
ती ही वीतभर सुतळी.

रविवारी गेला तर बांबू पुन्हा आडवा,
टाळा सुकून चुरचुरलेला,
हुद्दारची मान पावतीबुकात.
"परवा सोडलं की ओ?"
"परवा म्हणजे परवा."

नाका उठला पुढच्या शिमग्याआधी,
सांगलीकरांचं राज्य विरून गेलं तेव्हा.
त्या दिवशी कुणी झेंडा लावला नाही.
बांबू कुणीतरी लग्नाच्या मांडवाला नेला.

शेवंतीकाकू सत्तरीतली, घाटाखालची.
पंधरा ऑगस्टला ती "तुमचा दिवस" म्हणायची,
खीर करायची, पाहुण्यांसाठी करतात तशी, जरा जास्त गोड.
तिच्या लग्नाला भाऊ आला नव्हता,
त्याच्याकडे कागद नव्हते.
एकसष्ट सरता सरता तो चोर्ला चढून आला,
दोन नारळ घेऊन,
आणि दारात उभ्या असलेल्या बहिणीलाच विचारलं,
शेवंती इथं राहते काय?

एकाच घरात असा हा दिवस
हप्त्याहप्त्यानं आला.
काही हप्ते अजून यायचे आहेत, असं गल्लीत म्हणतात.
कुठले, यावर मात्र एकमत नाही.

आमच्या आवारात दोन शाळा, एक मराठी, एक कन्नड.
खांब एकच.
नोव्हेंबरात आम्ही एकमेकांच्या नजरेला नजर देत नाही,
ऑगस्टात दोर ते ओढतात, गाठ मी मारते,
आडवर्षी उलट.
यंदा झेंडा वर गेला आणि उघडेना.
फुलं आतच अडकलेली, पोरं उन्हात, पाहुणे घड्याळात.
मी दोर हिसकायला लागले तसे
हलप्पनवर सर हळूच म्हणाले,
"निधान, बाई, निधान."
त्यांच्याकडे निधान म्हणजे सावकाश.
आमच्याकडे, पुरून ठेवलेलं धन.
तेवढ्यात वाऱ्यानंच गाठ सोडवली,
आणि झेंडूच्या पाकळ्या
दोन्ही रांगांवर पडल्या, त्यांच्याकडे थोड्या जास्त.

काका गेल्यावर त्याची ट्रंक उघडली.
धोट्याचं टोक, चष्म्याची एक काडी,
आणि दोऱ्यात ओवलेल्या जकातीच्या पावत्या.
तेरा ऑगस्टची आहे.
सतराची आहे, हुद्दारच्या सहीची.
पंधराची नाही.
मी दोनदा शोधली.
नाही, म्हणजे तो दिवस होता.

हे सगळं वैजयंताला कसं सांगायचं?
जेवढं जमलं तेवढं सांगितलं.
दुपारी तिची वही तपासायला घेतली,
स्वातंत्र्यदिन, दहा ओळी.
तिनं एकच लिहिली होती:
"सुटी होती पण पगार कापला, जकात माफ."

वेलांट्या तपासल्या.
बाकीच्या नऊ ओळींसाठी
पान कोरं सोडलं.